आधी जोतं, मग तंबू

काजव्यांचा हंगाम जवळ आला की भंडारदऱ्याच्या बाजूने आणि पावसाळा सरला की पवनेच्या काठावरून तोच वाद दर वर्षी उठतो. एक बाजू म्हणते, रात्रीच्या मुक्कामाला सरसकट बंदी घाला. लोक बाटल्या टाकतात, स्पीकर लावतात, जिथे तिथे चुली पेटवतात. दुसरी म्हणते, जागा खासगी माणसाला द्या, तो पारदर्शक घुमट उभारेल, गावाला काम मिळेल. मध्येच माझ्यासारख्या, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात राहणाऱ्या कुणी तिथल्या सरकारी पार्कांतल्या यर्टचं, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या गोल कापडी खोलीचं, नाव काढलं की दोन्ही बाजूंचं एकमत होतं: ‘तिकडचं सांगू नका. तिथली माणसं वेगळी.’

मला राग येतो तो या वाक्याचा. माणसं वेगळी आहेत असं एकदा ठरवलं की काही बांधायला नको, निगा राखायला नको, आणि बंदीची पाटी लावून मोकळं होता येतं.

ऑरेगनच्या पार्क खात्याने यर्ट बसवायला सुरुवात केली १९९०च्या दशकात. केप लुकआउट, बेव्हर्ली बीच, नेहेलम बे, हनीमन, सनसेट बे अशा किनाऱ्यावरच्या पार्कांत नोव्हेंबर ते मार्च पाऊस हटत नाही. त्या दिवसांत साध्या तंबूत राहायला फारसं कुणी येत नाही. रस्ते, नळ, न्हाणीघरं मात्र चालू ठेवावीच लागतात. म्हणून हा उपाय. सोळा फूट व्यासाची गोल खोली, म्हणजे जेमतेम २०० चौरस फूट. कुलूप लागणारं दार, एक बंक बेड, उघडला की पलंग होणारा सोफा, दिवा, छोटा हीटर. पाच माणसं झोपतात. अंथरूण-पांघरूण आपापलं आणायचं. नळ आणि संडास बाहेर, सगळ्यांना मिळून. आत शेगडी नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. स्वयंपाक बाहेरच्या टेबलावर. सहा महिने आधीपासून नोंदणी करता येते, आणि रात्री दहानंतर आवाज बंद.

यात चैन कसलीच नाही. पण भर पावसात दोन लहान मुलं आणि त्यांची आजी कोरड्या गादीवर झोपू शकतात, आणि त्यासाठी घुमटवाल्याचं भाडं परवडावं लागत नाही. घरच्या वादात ही मधली वाट कुणी बोलूनच दाखवत नाही.

यर्ट म्हणजे गोल तंबू, असं समजून आपल्याकडे काही ठिकाणी लोखंडी पाइपांवर ताडपत्री ओढलेली दिसते. ते यर्ट नव्हे. खऱ्या यर्टची भिंत लाकडी पट्ट्यांच्या जाळीची असते. जुन्या लिफ्टच्या सरकत्या दारासारखी ती उघडते आणि मिटते. जाळीच्या माथ्यावर, पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात त्या बेचक्यांतून, एक पोलादी केबल गोल फिरवलेली असते. छपराचे वासे खालच्या टोकाला खाच पाडून या केबलवर बसवतात; वरची टोकं मधल्या लाकडी कड्यात शिरतात. छपराचं वजन वाशांतून खाली येतं आणि भिंतीला बाहेर ढकलतं. केबल तिला आवळून धरते. त्याच वेळी मधलं कडं सगळीकडून दाबलं जातं आणि घट्ट होतं. म्हणून मध्ये खांब लागत नाही. मंगोलियाच्या गेरमध्ये कडं तोलायला बहुधा दोन खांब असतात आणि भिंतीला दोरांचा पट्टा आवळतात; तत्त्व तेच.

आता दाराकडे बघा. केबलची दोन्ही टोकं दाराच्या चौकटीला येऊन पक्की होतात. म्हणजे चौकट हा त्या आवळत्या वर्तुळाचाच एक भाग आहे. चौकटीचा पाय पाण्यात कुजला तर नुसतं दार अडकत नाही, सगळं वर्तुळ सैल पडू शकतं, भिंत फाकू शकते आणि छप्पर बसू शकतं. दार डुगडुगायला लागलं की रंग मारून भागत नाही.

त्याहून मोठी चूक जोत्यात होते. यर्ट लाकडी जोत्यावर बसतं. आपला माणूस चौकोनी जोतं बांधतो, चार बाजूंना दोन-दोन फूट जागा सोडतो आणि मधोमध गोल तंबू ठेवतो. दिसायला सुरेख. पहिल्या पावसात भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्या मोकळ्या फळ्यांवर पडतं, तिथेच थांबतं आणि कापडाच्या खालून आत येतं. म्हणून खोलीखालचं जोतं भिंतीएवढंच गोल कापायचं आणि भिंतीचं कापड त्याच्या कडेवरून काही इंच खाली सोडायचं, म्हणजे पाणी थेट जमिनीवर गळतं. पुढचा ओटा हवा तर तो वेगळा, दारापुरता आणि थोडा खालच्या पातळीवर. कॉटेज ग्रोव्ह गावातल्या ज्या पॅसिफिक यर्ट्स कंपनीने १९७८पासून हा धंदा ऑरेगनमध्ये रुजवला, तिथल्या आणि इतर जुन्या बनवणाऱ्यांना हे पाठ आहे.

दुसरा शत्रू आतली दमट हवा. पाच माणसं रात्रभर श्वास सोडतात, ओले कपडे वाळत घालतात, आणि थंडी म्हणून माथ्यावरचा अ‍ॅक्रिलिकचा घुमट बंद करतात. पहाटे त्याच घुमटावरून थेंब अंथरुणावर पडतात आणि लोक म्हणतात छप्पर गळतं. छप्पर गळत नसतं. घुमट दोन बोटं उघडा आणि खालची एक खिडकी किलकिली ठेवा; गरम हवा वर जाते, कोरडी होत नाही तरी निदान बाहेर पडते. आत स्वयंपाकाला मनाई असण्याचं पहिलं कारण आग, कारण भिंत विनाइल चढवलेल्या कापडाची असते. पण फोडणीची वाफ आणि सांडलेल्या खाण्यामागे येणारे उंदीर ही कारणंही कमी नाहीत.

आता ‘माणसं वेगळी’. इथले, ऑरेगनचे, नियम वाचले तरी पुरे. एका पार्कात सतरा दिवसांत चौदा रात्रींपेक्षा जास्त राहता येत नाही, कारण तशी सूट असती तर लोक ठाण मांडून बसले असते. दहानंतर शांतता पाळा असं लिहावं लागतं, कारण लोक ती आपणहून पाळत नाहीत. फरक पडतो तो राखणदारीने. बऱ्याच कॅम्पग्राउंडांत एखादं निवृत्त जोडपं स्वतःच्या आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतं. जागा फुकट, त्या बदल्यात लाकूड विकणं, यर्ट झाडणं आणि दहा वाजता दारावर टकटक करणं. पैसा येतो भाड्यातून, आरव्हीच्या नोंदणी शुल्कातून आणि लॉटरीतून. लॉटरीचा ठरावीक वाटा पार्क आणि नद्यांसाठी ठेवायचा, हे मतदारांनी १९९८ साली ठरवलं आणि २०१०मध्ये कायम केलं. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९पासून चालू आहे. तिच्यातून असा वाटा का मागू नये?

हे सगळं सांगताना एक आकडा दडवणं अप्रामाणिकपणाचं होईल. ऑरेगनचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे पाचषष्ठांश आहे, लोकसंख्या ४२ लाखांच्या आसपास. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख माणसं होती. शनिवारी पवनेला लोटते तशी गर्दी इथल्या पार्कांत मी पाहिलेली नाही. आणि इथल्या किनाऱ्यावर वर्षभरात दोन मीटरच्या आसपास पाऊस होतो. महाबळेश्वरला बहुतेक चार महिन्यांतच पाच मीटरहून जास्त.

त्यामुळे जसंच्या तसं उचलू नका. सह्याद्रीत हे ऑक्टोबर ते मे चालवावं आणि जूनआधी कापड उतरवावं. मात्र पूर्ण वाळल्याशिवाय घडी घातली तर घडीच्या रेषांवरच बुरशी धरते आणि पुढच्या वर्षी तिथेच कापड फाटतं. जोत्याचे पाय दगडावर किंवा काँक्रीटवर ठेवा, मातीत पुरलेत तर वाळवी लागते. एप्रिलमध्ये विनाइलच्या भिंतीत भट्टी पेटते, तेव्हा सावलीची जागा आणि चारी बाजूंना खिडक्या हव्यातच. विदर्भात तर उन्हाळ्यात हे नकोच. कासच्या पठारावरही नको. तिथे जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे, आणि सगळी फुलं त्याच्यावर उभी आहेत. काजव्यांच्या झाडांजवळ नको. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात वाढतात, आणि पांढऱ्या दिव्यात नर-मादीला एकमेकांची खूण दिसत नाही. जंगलाबाहेर, आधीच रस्ता आणि पाणी आहे अशा ठिकाणी चारच यर्ट बांधा. त्याआधी संडास बांधा. किल्ली आणि भाड्याचा हिशेब गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे द्या.

‘यर्ट’ हा शब्द तुर्की भाषांतला. तिथे ‘युर्त’ म्हणजे राहण्याची जागा, आपला मुलूख. त्या घराला कझाक लोक ‘किइझ उय’, नमद्याचं (दाबलेल्या लोकरीच्या कापडाचं) घर, म्हणतात आणि मंगोल नुसतंच ‘गेर’, घर. मुलूख मागे राहिला, शब्द पुढे गेला आणि दूरच्या एका किनाऱ्यावर भाड्याच्या खोलीचं नाव झाला. मी ‘आपल्याकडे’ लिहितो ते महाराष्ट्राला आणि ‘इथे’ लिहितो ते ऑरेगनला, आणि दोन्ही शब्द लिहिताना हात थोडा अडखळतो. रजेवर घरी येणाऱ्याचा मुक्काम चौदा रात्रींच्या फार पुढे जात नाही. ‘तिकडचं सांगू नका’ टोचतं ते त्यामुळेच. त्या वाक्यात यर्टबद्दल थोडं आहे आणि माझ्याबद्दल जास्त: तू आता पाहुणा आहेस, पाहुण्याने घर कसं बांधावं ते सांगू नये.

तरी सांगतो. भिंतीखालचं जोतं भिंतीच्या बाहेर बोटभरसुद्धा येऊ देऊ नका.