शाहिराला गाणं पुरं करू द्या

स्वतंत्र गाणाऱ्यांवर हल्ली बऱ्याच फिल्म होतात. त्यातल्या बहुतेक मी दहा मिनिटांत बंद करतो. गायक गिटार बॅगेत भरतोय, मग लोकलच्या दारात उभा आहे, मग मरीन ड्राइव्ह, मग कुणीतरी सोफ्यावर बसून त्याच्याबद्दल बोलतंय. गाण्याच्या दोन ओळी कानावर पडतात न पडतात तोच वरून निवेदन सुरू. अरे, ज्याच्यासाठी बसलो ते गाणं कुठाय?

मला विचाराल तर आपल्या मातीतल्या स्वतंत्र गाणाऱ्यांवरची सगळ्यात मोठी फिल्म २०११ साली येऊन गेली. माहितीपट काढणाऱ्या आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड'. असल्या फिल्मांच्या याद्या फिरतात तेव्हा तिचं नाव कुणी घेत नाही, कारण ती 'दलित प्रश्नावरची' म्हणून वेगळ्या खणात टाकलेली असते. पण बघा ना, कंपनी नाही, मॅनेजर नाही, गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची, मिळेल त्या गाडीनं जायचं, गाडीभाडं मिळालं तर मिळालं. याहून स्वतंत्र अजून काय असतं?

या फिल्मची सुरुवात एका मरणातून आहे. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच विलास घोगरे या शाहिरानं मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. मरताना त्यानं डोक्याला आंबेडकरी चळवळीच्या रंगाचं, निळं कापड बांधलं होतं. आयुष्यभर डाव्यांच्या लाल झेंड्याखाली गायलेला माणूस. ज्या डाव्या सांस्कृतिक संघटनेत गायला तिनं त्याला बाहेर काढलं होतं, हेही फिल्म लपवत नाही. याबद्दल मला पटवर्धनांचं कौतुक वाटतं. आपल्याच गोटातल्या लोकांना अडचणीत आणणारी गोष्ट कापून टाकणं सोपं होतं.

पटवर्धन घोगरेंना आधीपासून ओळखत होते. झोपड्या पाडण्यावरच्या 'हमारा शहर' या त्यांच्या १९८५ च्या फिल्ममध्ये घोगरे गायले आहेत. ते चित्रण नसतं तर आज विलास घोगरे हे पेपरातल्या बातमीतलं एक नाव राहिलं असतं. आवाज आहे, तोंडावरचा ताण आहे, श्वास कुठं घेतो ते दिसतं, म्हणून तो माणूस आहे. पटवर्धन पुढची चौदा वर्षं कॅमेरा घेऊन त्या वस्त्यांत जात राहिले. गोळीबाराच्या खटल्याचं काय झालं ते बघत राहिले, गाणारे बदलत गेले ते टिपत राहिले आणि शेवटी पुण्यात चळवळीची गाणी गाणाऱ्या कबीर कला मंचाच्या पोरांपर्यंत पोचले.

त्या मंचाची शीतल साठे गाते तो भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. कॅमेरा तिला गाऊ देतो. मध्येच तोडून तज्ज्ञाची बाइट नाही. तीन तासांहून लांब फिल्म आहे म्हणून लोक कुरकुरतात, पण त्या लांबीतला बराच भाग गाण्यांनी घेतलाय आणि ती गाणी कापली असती तर मागे उरला असता तो एक चांगला वृत्तान्त.

गाणं पुरं ठेवण्याचा मी एवढा हट्ट का धरतो, तर जयंतीचं स्टेज ज्यानं पाहिलंय त्याला ते सांगावं लागत नाही. चौदा एप्रिलला सगळ्याच वस्त्यांना गायक पाहिजे असतात, म्हणून तारखा लांबत लांबत मे महिना संपतो. रात्री साडेनऊला हॅलोजनच्या तोंडाशी डफ धरून कातडं तापवत बसलेला पोरगा. माइकची शिट्टी. पहिला अंतरा संपतो न संपतो तोच खालून चिठ्ठी येते, "अमुक अमुक यांच्याकडून एकवीस रुपये बक्षीस", आणि शाहीर ते नाव चालीतच बसवून पुढे जातो. मग थांबून पाच मिनिटं बोलतो. रेशनवर, शाळेच्या फीवर, दारूवर. पुढच्या रांगेतली म्हातारी हसते, मागं कुणीतरी ओरडतं, आणि त्या बोलण्याच्या शेवटच्या शब्दावरच ढोलकी पडते. आता यातलं काय कापणार? बोलणं कापलं तर गाण्याला धार राहत नाही, आणि गाणं कापलं तर नुसतं भाषण. रेकॉर्डिंग कंपनीच्या कॅसेटमध्ये हे कधीच आलं नाही. तिथं स्टुडिओतला कीबोर्ड आणि सहा मिनिटांचा हिशेब. हे फक्त फिल्ममध्ये येऊ शकतं, तेही फिल्मवाल्यानं घाई केली नाही तर.

चैतन्य ताम्हाणेंनी 'कोर्ट'मध्ये हे बरोबर ओळखलं. ती कथा आहे, माहितीपट नाही. पण शाहीर नारायण कांबळे वस्तीतल्या स्टेजवर गातो तेव्हा कॅमेरा प्रेक्षकाच्या जागी थांबतो आणि हलत नाही. पुढे सगळा खटला त्याच्या एका गाण्यावरच उभा राहतो. गाणी शाहीर संभाजी भगतांची आणि कांबळेच्या भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार, जे स्वतः चळवळीतले. साथीदार २०२१ मध्ये कोरोनानं गेले.

मुंबईच्या रॅपवाल्यांचं थोडं वेगळं झालं. कुर्ल्याच्या नेझीनं आपला पहिला गाजलेला व्हिडिओ आयपॅडवर स्वतःच काढला. कुणी येऊन टिपेल म्हणून थांबला नाही. रॅपवाल्यांवरचा हिंदी सिनेमा 'गली बॉय' वगैरे नंतर. मला तो आयपॅडवालाच जास्त आवडतो.

आता एक आक्षेप, आणि तो खोटा नाही. बंडखोर गाणाऱ्यांना पडद्यावर आणणं म्हणजे पोलिसांच्याही डोळ्यांपुढं आणणं नाही का? कबीर कला मंचाच्या काही जणांना फिल्म आली त्याच वर्षी अटक झाली, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला, बाकीचे भूमिगत झाले. २०१३ च्या एप्रिलमध्ये शीतल साठे आणि मंचाचेच सचिन माळी यांनी विधानभवनासमोर स्वतःहून अटक करून घेतली. ती तेव्हा गरोदर होती. तिला काही महिन्यांत जामीन मिळाला, माळींना मात्र २०१७ उजाडलं. फिल्मनं त्यांना वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्यासाठी बचाव समिती उभी राहिली तेव्हा लोकांना हे कोण ते सांगावं लागलं नाही, लोकांनी या पोरांना गाताना पाहिलं होतं. वस्त्यावस्त्यांत पडदा बांधून ही फिल्म दाखवली होती ना.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. हे सगळं टिपायला वस्तीबाहेरचाच माणूस का लागला? आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. गाणी हजारोंनी लिहिली, गावोगाव लोकांच्या तोंडी आहेत. पण ते स्वतः उभे राहून कसे गायचे हे बघायचं म्हटलं तर मला तरी तुकड्यातुकड्यांतच सापडतं. आता सोमनाथ वाघमारेंसारखे आपल्यातूनच आलेले दिग्दर्शक सहा डिसेंबरच्या चैत्यभूमीवर कॅमेरा घेऊन उतरलेत, बरं वाटतं. पण एकट्यादुकट्याचं हे काम नाही.

म्हणून एक सांगणं. नव्वदच्या दशकात प्रत्येक वस्तीत एक लग्नाचा व्हिडिओवाला असायचा आणि जयंतीला मंडळ त्यालाच बोलवायचं. त्या व्हीएचएस कॅसेट कुणाच्या तरी माळ्यावर, पलंगाच्या पेटीत अजून असतील. बुरशी आली असली तरी फेकू नका, घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालून बघूही नका, टेप तुटते. मुंबई-पुण्यात अजून कॅसेट साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून देणारे आहेत. कुणाकडे असतील तर कमेंटमध्ये गावाचं, वस्तीचं आणि शाहिराचं नाव टाका. आणि येत्या जयंतीला मोबाइल काढलात तर आडवा धरा, स्टेजच्या भोंग्यापासून जरा लांब उभे राहा आणि गाणं संपेपर्यंत बंद करू नका.