रक्तगट, शिट्टी आणि मामा

आमच्या घरात साहसाला विरोध आहे असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. बाबांना साहस फार आवडतं. एव्हरेस्टवरचा माहितीपट लागला की ते हातातलं काम टाकून बघत बसतात. हिलरी आणि तेन्झिंग 29 मे 1953 ला माथ्यावर पोचले, ही तारीख त्यांना आम्हा भावंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की लक्षात आहे. फक्त ही असली कामं लोकांच्या मुलांनी करावीत, एवढीच त्यांची माफक अपेक्षा आहे.

मी मतदान करते, आयकर भरते, ऑफिसात हाताखालच्या लोकांच्या रजा मंजूर करते. माझा स्वतःचा शनिवार-रविवार मात्र मंजुरीसाठी बाबांकडे जातो आणि सहसा तिथेच राहतो. आता माझी मागणी काय, तर हरिश्चंद्रगड. अंटार्क्टिका नाही, अ‍ॅमेझॉनचं जंगल नाही. शनिवारी गडावर मुक्काम, कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खाली डोकावायचं आणि रविवारी रात्री मुकाट घरी. सह्याद्रीत दर आठवड्याला शेकडो पोरं हेच करतात. बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "त्या शेकडो पोरांच्या आईवडिलांची मला कीव येते."

पहिली चूक ट्रेकवाल्यांच्या मेसेजची. तो मी आईला वाचायला दिला, कारण त्यात 'महिला सहभागींसाठी स्वतंत्र व्यवस्था' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आईने ते वाचलंच नाही. ती थेट 'सोबत आणावयाच्या वस्तू' या भागाकडे गेली. चष्मा नाकावर खाली ओढून, बोट एकेका ओळीवरून सरकवत ती वाचत होती. हेडटॉर्च, जादा सेल, चांगली पकड असलेले बूट इथवर ठीक चाललं. मग बोट थांबलं.

"शिट्टी कशाला?"

"असंच. म्हणजे समजा कुणी मागे राहिलं, तर वाजवायची."

"मागे राहिलं म्हणजे हरवलं."

"हरवत नाही गं कुणी."

"मग शिट्टी कशाला?"

या प्रश्नाला आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही. बोट आणखी खाली गेलं. नोंदणी अर्जात रक्तगट विचारला होता. त्याखाली 'तातडीच्या प्रसंगी संपर्कासाठी घरच्यांचा क्रमांक'. त्याखाली 'मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे' आणि सहीसाठी रेघ. आईने फोन माझ्या हातात ठेवला आणि नुसतं म्हणाली, "यांनाच खात्री नाही गं."

मग मी देवाला मध्ये घेतलं. गडावर हरिश्चंद्रेश्वराचं जुनं देऊळ आहे, चांगदेवांनी तिथे तपश्चर्या केली असं सांगतात, तेव्हा हा ट्रेक नसून एका अर्थी यात्राच आहे, अशी मांडणी केली. आई थोडी विरघळली. उत्साहाच्या भरात मी केदारेश्वराच्या गुहेचंही वर्णन केलं. गुहेत भलंमोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं गार पाणी, चार कोपऱ्यांना चार खांब, आणि त्यातला आता एकच शाबूत आहे.

"बाकीचे तीन?" बाबांनी पेपरमागून विचारलं.

"पडलेत. फार पूर्वी."

"आणि चौथ्याजवळ तू जाऊन उभी राहणार."

बाबांचं असं आहे की ते सरळ 'नाही' म्हणत नाहीत. सरळ 'नाही' म्हणाले तर माणूस भांडू तरी शकतो. ते प्रश्न विचारतात, आणि उत्तरं देता देता आपणच आपल्या विरोधात साक्ष देऊन बसतो. फोनला रेंज आहे का, हे त्यांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं, की काही ठिकाणी येते. कुठल्या ठिकाणी? कड्याच्या बाजूला येते म्हणतात. बाबा पेपर घडी करत म्हणाले, "म्हणजे आईला फोन करायचा तर कड्याच्या टोकाला जायचं. छान." जागा शिल्लक आहेत म्हटलं, तर त्यांचा तर्क असा, की एवढ्या चांगल्या ठिकाणच्या जागा ऐन आठवड्यात शिल्लक राहिल्या म्हणजे कुणीतरी नाव काढून घेतलं असणार. "का काढून घेतलं, ते विचारलंस?"

या वाक्यामुळेच मला डार्विन सापडला.

1831 च्या ऑगस्टअखेरीस बावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनला बीगल जहाजावरून जगप्रवासाला येतोस का, अशी पत्रातून विचारणा झाली. वडील, डॉक्टर रॉबर्ट डार्विन, नको म्हणाले. मुलाने डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलेलं, आता पाद्री होण्याचं ठरलेलं, आणि तेवढ्यात हे जहाजाचं खूळ. त्यांच्या हरकतींची यादी आजही उपलब्ध आहे. बेत वेडगळ आहे. जहाजावर राहायची सोय वाईट असणार. पुन्हा एकदा क्षेत्र बदलल्यासारखं होईल. मुलगा पुढे कधी स्थिर व्हायचा नाही. यातून निष्पन्न काही होणार नाही. आणि, मी खुर्चीतून उठलेच, ही जागा आधी दुसऱ्यांना विचारली असणार, ते नको म्हणाले असणार, म्हणजे त्या जहाजात नाहीतर मोहिमेत काहीतरी खोट असली पाहिजे! जवळजवळ दोनशे वर्षं झाली. दरम्यान माणूस चंद्रावर जाऊन आला. वडिलांची प्रश्नपत्रिका मात्र तीच.

पण रॉबर्टरावांनी एक फट ठेवली होती. एखादा शहाणासुरता माणूस तुला जा म्हणत असेल, तर माझीही संमती समज, असं ते म्हणाले. डार्विन कुणाकडे गेला असेल? मामाकडे. जोसाया वेजवुड या सख्ख्या मामाने मेहुण्याच्या आठही हरकतींना क्रमवार उत्तरं लिहून पाठवली आणि पाठोपाठ भाच्याला घेऊन स्वतःच दारात हजर झाला. वडील नमले. इतकंच नाही, पुढे सगळा खर्चही त्यांनीच केला.

हे मी जेवणानंतर, सगळे निवांत असताना, रंगवून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती दिवसांचा प्रवास होता?"

"दोन वर्षांचा सांगितला होता."

"परत कधी आला?"

इथे मला थांबता आलं असतं. पण खोटं बोलायची सवय या घरात लागूच दिलेली नाही. "1836 च्या ऑक्टोबरात. जवळजवळ पाच वर्षांनी."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने विचारलं, "बोट लागायची का गं त्याला?" लागायची, आणि ती पूर्ण प्रवासभर. "तुला तर घाटात गाडी लागते," आई म्हणाली. मग बाबांनी शेवटचा प्रश्न टाकला, की आल्यावर पुन्हा कुठे कुठे गेला तो. पुन्हा ब्रिटनबाहेर तो कधीच गेला नाही. "बघ," बाबा समाधानाने म्हणाले, "शेवटी मोठं काम घरी बसूनच केलं ना?"

लॉरा डेकरचं उदाहरण मी त्याच रात्री वापरून टाकलं, ते वाया गेलं. या डच मुलीने तेराव्या वर्षी एकटीने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायचं ठरवलं. तिचे वडील हो म्हणाले आणि 2009 साली कोर्टाने तिला अडवून धरलं. पुढे परवानगी मिळाली आणि जानेवारी 2012 मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने प्रदक्षिणा पुरी केली. मला म्हणायचं होतं, की बघा, तिचे वडील कसे पाठीशी उभे राहिले. बाबांना त्यात जे आवडलं ते वेगळंच होतं. "तिकडची कोर्टं चांगली आहेत," ते म्हणाले.

राहता राहिला तेन्झिंग यांचा मार्ग. ते लहानपणी घरातून पळून काठमांडूला गेले होते. पण आमच्या घरातून पळून जायचं, तरी पोचल्यावर फोन करावा लागेल.

तेव्हा मामा. माझ्याही मामाला कामाला लावायचं ठरवलं. वेजवुड घराण्याचा चिनीमातीच्या भांड्यांचा नावाजलेला कारखाना होता; माझा मामा विमा विकतो. शिवाय मामाला शहाण्यासुरत्या माणसांत धरावं की नाही, यावरचा बाबांचा निर्णय लग्नापासून राखून ठेवलेला आहे. तरी मी त्याला डार्विनच्या मामाची सगळी गोष्ट ऐकवली. तो भारावला. रात्रभर बसून त्याने बाबांच्या एकेका हरकतीला उत्तर लिहिलं. रेंज नाही, तर मुलं एकमेकांशी बोलतील. रक्तगट विचारतात, कारण माणसं जबाबदार आहेत. शिट्टीचंसुद्धा त्याने काहीतरी छान लिहिलं होतं. मेसेज वाचताना बाबांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मिटताना मी स्वतः पाहिल्या. आणि मग शेवटचा मुद्दा आला: 'इतकं करूनही काळजी वाटत असेल, तर तिचा अपघात विमा लगेच उतरवू. अर्ज घेऊन उद्या येतो.'

आठ्या होत्या तिथे परत आल्या.

पण मामाचा मेसेज अगदीच फुकट गेला नाही. बाबा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या ट्रेकच्या ग्रुपवर मला घाल. मी काही बोलणार नाही, नुसतं बघेन." मी घातलं. तासाभरात त्यांनी ट्रेक लीडरला दोराची जाडी विचारली. नंतर प्रथमोपचार पेटीतल्या औषधांच्या मुदतीच्या तारखा. लीडर बिचारा शांत डोक्याचा, त्याने सगळी उत्तरं दिली, पेटीचा फोटोही पाठवला. बाबांचं हे धाडस पाहून इतरांच्याही घरी हालचाल झाली. एकेका मुलाचा बाप ग्रुपवर आला, मग काही आया आल्या. ग्रुपचं नाव बदललं. एका सकाळी पाहते, तर बाबा अ‍ॅडमिन.

आता जेवताना दुसरा विषय नाही. पाचनईची वाट सगळ्यात सोपी. खिरेश्वरहून टोलारखिंडीतून गेलं तर चाल जास्त, पण कातळावर रेलिंग आहे. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने नवख्याने जाऊ नये, असं बाबा मला बजावतात, जणू नवखे ते नाहीतच. रात्री उशिरापर्यंत ते व्हिडिओ बघतात. बूट आणलेत, पायाला सवय व्हावी म्हणून घरातच घालून फिरतात.

मग परवा ग्रुपवर ठराव झाला. मुलांना पाठवण्याआधी पालकांनी एकदा जाऊन वाट, मुक्कामाची जागा आणि एकूण परिस्थिती बघून यावी. पाहणीसाठी. आमच्या नावावरच्या जागा त्यांनीच घेतल्या, कारण त्या तारखेला दुसऱ्या शिल्लक नव्हत्या. आईचं 'यांनाच खात्री नाही'चं काय झालं, कुणास ठाऊक. तीही निघाली आहे, देवळासाठी. अर्ज मीच भरून दिले. तातडीच्या संपर्काच्या रकान्यात दोघांनी माझा नंबर लिहायला सांगितला.

मी विचारलं, कोण कोण आहे, गाडी कोण चालवणार, रात्रीचंच का निघायचं? बाबा बुटाची नाडी आवळत होते. गळ्यात शिट्टी होती.

"फार प्रश्न विचारतेस तू," ते म्हणाले.

"बरं, पोचलात की फोन तरी करा."

"त्यासाठी पार कड्यापर्यंत जावं लागतं," बाबा म्हणाले. "वेळ मिळाला तर करतो."