नगरसेवकाच्या मुलाने ठेका घ्यावा का? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. नगरसेवकांच्या नातेवाइकांना महापालिकेचे ठेके घ्यायला सरसकट बंदी घाला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘नगरसेवकाने धंदा करायचा नाही, मुलाने ठेका घ्यायचा नाही, मग घर काय मानधनावर चालवायचं? अशाने गडगंज लोकच निवडून येतील.’

मुलाबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं. ‘नातेवाइकांना सरसकट बंदी घाला’ हे माझं वाक्य चुकलं. पोरगा वेगळा राहून स्वतःच्या हिमतीवर कामं घेत असेल, तर बापाच्या पदाची शिक्षा त्याला कशाला?

पण धंद्यावर बंदी मी मागितलेली नाही, कायद्यातही ती नाही. ठाणे काय नि नवी मुंबई काय, दोन्हीकडे १९४९ चाच महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याचं कलम १० सांगतं की महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर नगरसेवक अपात्र ठरतो. किराणा दुकान, क्लास, हॉटेल खुशाल चालवा. घोडं अडतं ते त्या ‘अप्रत्यक्ष’ शब्दापाशी. फर्म मेहुण्याच्या नावावर असते. पैसा कुणाचा, हे सिद्ध कोण करणार?

आणि प्रश्न नुसता पैशाचा नाही. गटारावरचं झाकण महिन्याभरात तुटलं तर आपण नगरसेवकाकडेच धावतो ना? तोच ठेकेदाराचा बाप असेल तर गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं? ठेकेदाराचं बिल अडवा, असं इंजिनिअरला कोण सांगणार?

वर्तकनगरला आमच्या सोसायटीत रंगकामाची तीन कोटेशन आली होती. पाकिटं फोडायच्या आधीच खजिनदार म्हणाले, ‘यातलं एक माझ्या साडूचं आहे,’ आणि चपला घालून खाली जाऊन बसले. इतिवृत्तात तशी नोंद झाली. दर कमी होता म्हणून काम साडूलाच मिळालं. पावसाळ्यात गच्चीखालच्या भिंतीचा रंग फुगला, तेव्हा सेक्रेटरींनी त्याला बोलावून सगळा खरवडून पुन्हा करून घेतला. बोलताना त्यांना जराही अवघडल्यासारखं झालं नाही.

महापालिकेच्या निविदा मंजूर करणाऱ्या स्थायी समितीत मला एवढंच हवंय. निविदा मंजुरीला येण्याआधी नातं लेखी जाहीर करा, त्या विषयापुरतं सभागृहाबाहेर जा, आणि पुढे त्या कामाच्या मोजमापात नि बिलात लक्ष घालू नका.

काका, तुम्ही स्वतः इतकी वर्षं ठेकेदारी केलीत. समोरच्या निविदेमागे नगरसेवकाचा मेहुणा आहे हे कळल्यावर टेंडर भरायचंच सोडून दिलं, असं तुमच्या बाबतीत कधी झालं का? झालं असेल तर इथेच लिहा.