लॅक्टिक ॲसिडच्या नावाने दुकान मांडलंय नुसतं!!

डोकं फिरलंय माझं. परवा मावशीला घेऊन जिमला गेले, तिने आयुष्यात पहिल्यांदा जिमची पायरी चढली, वय पन्नाशीच्या पुढे, बीपीची गोळी चालू, आणि त्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी तिला स्क्वॉट्स म्हणजे उठाबशा, मग लंजेस म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जायचं, मग हातात डंबेल देऊन परत लंजेस. ती म्हणतेय अहो दादा पाय थरथरतायत माझे, तर हा म्हणतो "करा काकू, जळतंय म्हणजे काम होतंय". काल नुसतं अवघडल्यासारखं होतं. आज तिला कमोडवरून उठता येईना, भिंतीला हात टेकून उठली, जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी आडवी उतरत होती आणि प्रत्येक पायरीला आई गं.

मी जाऊन विचारलं तर उत्तर काय, "लॅक्टिक ॲसिड साचलंय मॅडम, ते फ्लश करावं लागतं, आपल्याकडे रिकव्हरी पॅकेज आहे". अरे कसलं लॅक्टिक ॲसिड?? ते जोराचा व्यायाम करताना स्नायूत तयार होतं आणि व्यायाम थांबला की साधारण तासाभरात रक्तात परत नॉर्मलच्या आसपास येतं. हे दुखणं सुरूच होतं दुसऱ्या दिवशी आणि 24 ते 72 तासांत टोकाला जातं, मग आजच्या दुखण्यात ते ॲसिड आलं कुठून? थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन माणसाने 1902 साली लिहून ठेवलंय की हे दुखणं स्नायूच्या आत होणाऱ्या बारीक इजेमुळे असावं. 1902!! आणि आमच्याकडे सर्टिफिकेट भिंतीला टांगून लोकांना अजून ॲसिड सांगतात.

सिंहगड केलेल्या कुणालाही विचारा. चढताना छाती फुटायची वेळ येते पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला अख्खं अंग तोलून धरायचं असतं, तिथेच सगळ्यात जास्त मार बसतो. लंजमधे खाली जाताना अगदी हेच होतं. म्हणजे नवीन माणसाला पहिल्या दिवशी काय कमी द्यायचं हे ट्रेनरला माहीत असायलाच पाहिजे, त्याचेच तर पैसे घेतो ना तो?

बरं पॅकेजमधे काय, तर मसाज गन, बर्फाच्या पाण्याचा टब आणि कसलीतरी पावडर. मसाजने बरं वाटतं हे मान्य, पण मावशीच्या मांड्यांना मी घरी कोमट तिळाचं तेल हलक्या हाताने लावलं तेव्हाही तिला बरं वाटलंच की. बर्फाच्या पाण्याने ठणका थोडा कमी होतो, पण वजनं उचलल्यावर दर वेळी त्यात बसलं तर स्नायू वाढायलाच अडथळा येतो हे का नाही सांगत? आणि स्ट्रेचिंग केलं नाही म्हणून दुखतंय म्हणणाऱ्यांना तर हात जोडते. 2011 चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे, म्हणजे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा, व्यायामानंतर स्ट्रेचिंग करून दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात 100 च्या मापावर जेमतेम एका गुणाचा फरक. एक गुण!

त्यात मेडिकलवाला. चिठ्ठी नाही, काही नाही, सरळ डायक्लोफिनॅक या पेनकिलरची स्ट्रिप पुढे केली, "दिवसातून दोनदा द्या". बीपी आहे का, कुठली गोळी चालू आहे, एक शब्द विचारला नाही. या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, अंगातलं पाणी कमी झालं असेल तर किडनीवर ताण येतो, आणि हे चॉकलेट दिल्यासारखं देतात. मी तिथेच परत केली.

सगळ्यात जास्त संताप याचा की जे सांगायला हवं ते एकानेही सांगितलं नाही. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, पाय सुजून कडक झाले, दुखणं सहन होईना तर तेल लावत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं, कारण स्नायू फारच तुटले की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तातून थेट किडनीत जातं आणि किडनी निकामी होऊ शकते. मावशीचं तसं काही नाही, पण हे मला दर वेळी तिला विचारून बघावं लागतंय, ट्रेनरला नाही.

बाकी काय, घरातल्या घरात हळूहळू चालायचं, नीट जेवायचं, पाणी प्यायचं, झोपायचं, चारपाच दिवसांत जातं ते आपोआप, आणि पुढच्या वेळी तोच व्यायाम केला की बरंच कमी दुखतं कारण स्नायू सरावतो. म्हणून तर सुरुवात थोड्यावर करायची असते!! दोन हलके सेट देऊन घरी पाठवलं असतं तर त्याचं काय जाणार होतं?

आत्ता मेसेज आलाय, "उद्या अपर बॉडी, काकूंना घेऊन या, ब्रेक पडायला नको". ॲडमिशनच्या दिवशी फॉर्मवर वय, बीपी, गुडघे, सगळं लिहून घेतलं होतं तुम्ही. तो फॉर्म एकदा तरी वाचलात का?