‘सायबर सिक्युरिटी मुलींसाठी नाही’ या मेसेजला माझं उत्तर

निकालाचे दिवस आले की पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो : ‘सायबर सिक्युरिटीच्या नादी मुलींनी लागू नये. त्याला कोडिंगमध्ये मुरलेला इंजिनीअर लागतो, रात्रपाळ्या असतात, गुन्हेगारांशी गाठ असते. या क्षेत्रातल्या एका तरी बाईचं नाव सांगा.’ काल तो माझ्या मामेबहिणीने पाठवला. तिची लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला याच कामात यायचंय. मी पुण्यात हेच काम करते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी कोडिंग. आमच्याकडे सुरुवात बहुधा ‘सॉक’मध्ये (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, म्हणजे कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर पहारा ठेवणारी खोली) होते. स्क्रीनवर अलर्ट येत राहतात, बरेचसे निरुपद्रवी असतात. खरा कुठला ते हुडकायचं. एकदा पहाटे पावणेतीनला एका क्लायंटच्या अकाउंट्स विभागातला आयडी लॉगिन झाला. पासवर्ड बरोबर, त्यामुळे मी पुढे सरकणार होते. शेजारची नवी मुलगी, तीही कॉमर्सचीच, म्हणाली, “ताई, पेमेंट्स तर परवाच गेली. मग हा आत्ता सप्लायरचा बँक खाते नंबर का बदलतोय?” आम्ही आयडी बंद केला. सकाळी कळलं, ज्याचा तो आयडी, तो माणूस घरी झोपलेला होता. त्या रात्री कोडची एक ओळही कुणी लिहिली नाही. हिशेबाची रीत जिला ठाऊक होती, तिला चोर दिसला.

कोडिंग पुढे लागतं, पण ते शिकता येतं. आणि प्रत्येक चोरी कोडिंगनेच पकडली जाते असंही नाही. २०१६ साली बांगलादेश बँकेचे ८.१ कोटी डॉलर चोरीला गेले. आणखी २ कोटी वाचले, कारण पैसे ज्या संस्थेच्या नावावर जायचे होते तिच्या नावातलं ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चोरांनी चुकवलं आणि पैसे पुढे पाठवणाऱ्या मधल्या बँकेला शंका आली.

रात्रपाळी असते, ते खरं आहे. चोर सुट्टी बघूनच येतात : पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा २०१८चा हल्ला दुसऱ्या शनिवारी सुरू झाला, ९४ कोटी गेले. पण रात्रपाळी नर्सलाही असते, आणि नर्सिंग मुलींचं काम नाही असं कुणी म्हणत नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षेची आणि घराच्या दारापर्यंत गाडीची जबाबदारी मालकाची. इंटरव्ह्यूतच हे विचारावं, संकोच करू नये. ऑडिट, कम्प्लायन्स (कंपनी सुरक्षेचे नियम पाळते का ते तपासणं) अशा कामांत तर सहसा दिवसपाळीच असते.

गुन्हेगारांची भीती? आमची गाठ पडते ती त्यांच्या मागे राहिलेल्या खुणांशी. उलट मॉर्फ केलेल्या फोटोंवरून धमकावलेली मुलगी तक्रार घेऊन येते, तेव्हा समोर बाई असली की ती सगळं बोलते. हे मी पाहिलंय.

नाव हवं ना? एलिझबेथ फ्रीडमन. शिक्षण इंग्रजी साहित्याचं. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात तस्करांचे सांकेतिक संदेश तिने फोडले, पुढे महायुद्धात नाझी हेरांचेही. ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमध्ये सांकेतिक संदेश फोडण्याचं काम चाले, तिथे सुमारे तीन चतुर्थांश कर्मचारी बायका होत्या. आणि २०१६ साली अमेरिकी संरक्षण खात्याने ‘हॅक द पेंटागॉन’ म्हणून हॅकर्सना आपल्याच वेबसाइट्समधल्या सुरक्षेच्या चुका शोधायला बोलावलं, तो उपक्रम उभा करण्यात सायबर सिक्युरिटीतल्या केटी मूसोरिसचा हात होता.

मामेबहिणीला मी एवढंच कळवलंय : लेकीला रविवारी माझ्याकडे पाठव. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) टाकून ठेवते, नेटवर्किंगपासून, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतात तिथून सुरुवात करू.