पाण्याचा धडा का वगळू नये: सीडीएन परीक्षेच्या तयारीवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया नुसती नाराजीची नाही, मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही मुद्द्यांना धरूनच देणं योग्य. अमेरिकेतल्या सीडीएन, म्हणजे सर्टिफाइड डायलिसिस नर्स परीक्षेच्या तयारीवरचा लेख तुम्हाला पटला नाही. आधी पुण्यात आणि आता न्यू जर्सीत इतकी वर्षं मशीनवर काम केलेल्या नर्सला पाण्याचं शुद्धीकरण कशाला वाचायला लावता, ते टेक्निशियनचं काम आहे, असं तुम्ही म्हणता. आकड्यांच्या यादीने नव्या मुली घाबरतात. ज्यांच्या युनिटमध्ये पेरिटोनियल (पोटातल्या पडद्यातून होणारं डायलिसिस) होतच नाही त्यांनी तो भाग सोडला तरी चालतं. आणि प्रश्नसंचातले हजारभर प्रश्न सोडवले की पास होता येतं, असंही तुमचं म्हणणं. शेवटी तुम्ही विचारलंत, बारा तासांच्या ड्युटीनंतर एवढं वाचणार कधी? हा शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याकडे नंतर येते. बाकी मुद्द्यांवर मात्र माझं मत ठाम आहे.

आधी पाणी. डायलिसेटचा, म्हणजे रक्त स्वच्छ करणाऱ्या द्रवाचा, फ्लो 500 मिली प्रति मिनिट धरला तर चार तासांत 120 लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून जातं, मधे फक्त डायलायझरचा (रक्त गाळणाऱ्या फिल्टरचा) पातळ पडदा. आठवड्याला तीन वेळा म्हणजे 360 लिटर. पिण्याच्या पाण्यात चालणारे पदार्थ इथे विष ठरतात ते यामुळेच. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पालिका पाण्यात क्लोरीनबरोबर अमोनिया घालते, त्यातून क्लोरामाइन तयार होतं. ते आर.ओ.च्या मेंब्रेनमधून बऱ्यापैकी पार होतं, म्हणून ते काढायची जबाबदारी आर.ओ.च्या आधीच्या कार्बन टँकवर असते. टँक दोन, एकामागे एक, आणि प्रत्येकात पाण्याचा कार्बनशी संपर्क किमान 5 मिनिटं, मिळून 10. टोटल क्लोरीनची मर्यादा 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर.

आता यात नर्सचं काय? सॅम्पल टेक्निशियन घेतो, मान्य. पण रोजची तपासणी प्रत्येक शिफ्टच्या आधी झाली का, ती सिस्टिम किमान 15 मिनिटं चालल्यावर घेतली का, पहिल्या टँकनंतरच्या पोर्टमधून घेतली का, हे पाहून मगच पेशंट लावायला परवानगी देणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी चार्ज नर्सच (शिफ्टची प्रमुख नर्स) असते. परीक्षेतला प्रश्नही तिथूनच येतो: पहिल्या टँकनंतर 0.2 आलं, आता काय कराल? पर्यायांत 'डायलिसिस ताबडतोब बंद करा' असतं आणि घाईत तेच निवडलं जातं. खरं तर आधी दुसऱ्या टँकनंतर तपासायचं. तिथे 0.1 किंवा कमी असेल तर तपासणी वाढवून काम चालू ठेवता येतं आणि पहिला टँक बदलायची व्यवस्था करायची. दुसऱ्यानंतरही जास्त आलं तरच थांबायचं आणि मेडिकल डायरेक्टरला कळवायचं. दोन टँक ठेवण्याचं कारणच हे आहे. हे कारण ज्याला माहीत आहे त्याला हा क्रम पाठ करावा लागत नाही.

दुसरं उदाहरण. सकाळची शिफ्ट सुरू होऊन पाऊण तास झालाय. एका पेशंटला छातीत दुखतंय, धाप लागलीय, व्हीनस लाईनमधलं (रक्त पेशंटकडे परत नेणाऱ्या नळीतलं) रक्त गडद लाल आणि पारदर्शक दिसतंय. हे हिमोलिसिस, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी फुटणं. पण कारण काय? त्याच्या शेजारच्या दोघांनाही तसंच होत असेल तर बोट पाण्याकडे किंवा सेंट्रल कॉन्सन्ट्रेटकडे (सगळ्या मशीनना एकाच ठिकाणाहून जाणाऱ्या डायलिसेटच्या मिश्रणाकडे) जातं: क्लोरामाइन, तांबं, चुकीचं प्रमाण. एकालाच होत असेल तर आधी त्याची लाईन कुठे दुमडली आहे का, सुई फ्लोच्या मानाने बारीक आहे का, त्याच्याच मशीनचं डायलिसेट 42 अंशांच्या वर तापलं का, ते पाहायचं. 'किती जणांना' हा तपशील प्रश्नात उगाच दिलेला नसतो. पाण्याचा धडा वगळला तर हा दुवा हातातून सुटतो.

1993 मध्ये शिकागोमधल्या एका केंद्रात डीआयोनायझरची (पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या टाकीची) क्षमता संपली, साठलेलं फ्लोराइड सुटून पाण्यात आलं आणि तीन पेशंट दगावले. पेशंटना तीव्र खाज, मळमळ, छातीत दुखणं आणि मग व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची जीवघेणी अनियमित थरथर. त्या वेळी पेशंटजवळ उभी असलेली व्यक्ती टेक्निशियनच असेल असं नाही, नर्सही असेल. म्हणूनच पाणी हा नर्सच्या परीक्षेचा भाग आहे.

आकड्यांबद्दल तुमच्या आक्षेपात एक गोष्ट खरी आहे. दोन नियमावल्यांचे आकडे एकत्र वाचले की गोंधळ होतो. 2008 च्या सीएमएसच्या (अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविमा संस्थेच्या) नियमांत पाण्यातल्या जिवाणूंची मर्यादा 200 सीएफयू (वाढू शकणाऱ्या जिवाणूंची मोजणी) आणि एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या विषाची, 2 ईयू (त्याचं एकक) प्रति मिली आहे, तर नंतरच्या एएएमआय (वैद्यकीय उपकरणांची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) मानकांत ती 100 आणि 0.25 आहे. दोन्हीकडे जिवाणूंसाठी कृतीची पातळी 50. मर्यादा ओलांडेपर्यंत थांबायचं नाही, त्याआधीच निर्जंतुकीकरण करायचं, म्हणून कृतीची पातळी खाली ठेवलेली असते. प्रश्नात 'कृती कधी' विचारलंय की 'मर्यादा किती', हे वाचून उत्तर द्यायचं.

यू.एफ.चं, म्हणजे शरीरातलं जादा पाणी काढण्याचं, गणित तर आकड्यांशिवाय होतच नाही. ड्राय वेट (जादा पाणी नसतानाचं वजन) 62 किलो, आलेलं वजन 65.2. म्हणजे 3.2 लिटर. त्यात रक्त परत देतानाचं सलाइन 300 मिली आणि डायलिसिसमध्ये प्यालेलं 200 मिली मिळवा: 3.7 लिटर काढायचे. चार तासांत म्हणजे ताशी 925 मिली, दर किलोला 14.9. मर्यादा ताशी दर किलोला 13 मिली. ती पाळायची तर ताशी 806 मिली आणि वेळ साधारण 4 तास 35 मिनिटं. परीक्षेत सर्वात जास्त चुकतं ते सलाइन आणि पिण्याचं पाणी मिळवायला विसरल्यामुळे. 3.2 ला चारने भागून 800 येतं, ते 62 ने भागून 12.9 येतं, आणि 'ठीक आहे' हा पर्याय समोर तयार असतो.

आता प्रश्नसंच. मी प्रश्न सोडवू नका असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. पण प्रश्नसंच पाठ झाला की प्रश्नाची भाषा ओळखीची होते, कारण ओळखीचं होत नाही. याची कसोटी आणीबाणीच्या प्रश्नांत लागते. सर्किटमधलं रक्त पेशंटला परत द्यायचं की नाही? बी.पी. उतरलं तर यू.एफ. किमान करा, पाय वर घ्या, 100 ते 200 मिली सलाइन द्या. थांबवावं लागलं तरी रक्त परत जातं. डिसइक्विलिब्रियममध्येही (युरिया फार वेगाने उतरल्याने मेंदूला सूज येणं) रक्ताला दोष नाही. हिमोलिसिसमध्ये मात्र पंप बंद, दोन्ही लाईन क्लॅम्प आणि रक्त परत नाही, कारण फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम त्यात आहे. पहिल्या काही मिनिटांतच येणाऱ्या तीव्र डायलायझर रिॲक्शनमध्येही तेच, कारण जे सोसलं नाही तेच त्यात आहे. हवा गेली तरी तेच: पंप बंद, व्हीनस लाईन क्लॅम्प, डाव्या कुशीवर, डोकं खाली, ऑक्सिजन. पाच वेगवेगळी उत्तरं पाठ करण्यापेक्षा 'लाईनमध्ये आत्ता काय आहे आणि ते पेशंटला दिलं तर काय होईल' हा एकच प्रश्न स्वतःला विचारा.

हवेचंच आणखी एक. पंपाच्या आधीच्या आर्टेरियल भागात (पेशंटकडून रक्त आणणाऱ्या नळीत) दाब ऋण असतो, म्हणून तिथलं सैल जोड हवा ओढून घेतं. पंपानंतरचं सैल जोड रक्त बाहेर गाळतं. प्रश्नात फेस दिसतोय म्हटलं की तपासणी सुईपासून पंपापर्यंत सुरू करायची, संपत आलेली सलाइनची पिशवी धरून.

तुमच्यासारख्या महाराष्ट्रातून आलेल्या नर्सेससाठी खास एक सावधगिरी सांगते, कारण अनुभव इथेच आडवा येतो. आपल्याकडे अनेक युनिटमध्ये हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह पेशंटसाठी मशीन वेगळं ठेवतात, हाताला तीच सवय असते. अमेरिकेतल्या सीडीसीच्या (रोगनियंत्रण संस्थेच्या) सूचनांनुसार सी साठी वेगळं मशीन किंवा खोली लागत नाही; एचआयव्हीसाठीही नाही. वेगळी खोली, वेगळं मशीन आणि वेगळं साहित्य लागतं ते हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह पेशंटसाठी, आणि त्याला पाहणाऱ्या नर्सने त्याच शिफ्टमध्ये बी ची प्रतिकारशक्ती नसलेल्या पेशंटची जबाबदारी घ्यायची नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तातली बी विरुद्धची प्रतिपिंडं, अँटी-एचबीएस, 10 किंवा जास्त. कारण साधं आहे: बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही दिवसेंदिवस टिकतो. तसंच लॅबचं. आपले रिपोर्ट युरियाचे, तिथले बी.यू.एन.चे (युरियातल्या फक्त नायट्रोजनचे), बी.यू.एन.ला 2.14 ने गुणलं की युरिया येतो. यू.आर.आर. (डायलिसिसने युरिया किती टक्के उतरला) हे गुणोत्तर असल्यामुळे दोन्हीकडे सारखंच निघतं, पण बी.यू.एन. 70 पाहून 'फार नाही' असं वाटू देऊ नका, तो साधारण 150 युरिया आहे.

यू.आर.आर. निघालंच आहे तर सॅम्पलचं सांगते. आधीचा 72, नंतरचा 24, म्हणजे 48 भागिले 72, 66.7 टक्के, किमान 65 अपेक्षित, म्हणून चालतंय. पण नंतरचं सॅम्पल पंप पूर्ण वेगात असताना घेतलं आणि फिस्च्युलात (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीत) रिसर्क्युलेशन, म्हणजे तेच रक्त पुन्हा फिरणं, असेल, तर नुकतंच स्वच्छ झालेलं रक्त पुन्हा सॅम्पलमध्ये येतं. नंतरचा आकडा 18 दिसतो, यू.आर.आर. 75 होतं आणि जेमतेम डायलिसिस झालेला पेशंट कागदावर उत्तम दिसतो. म्हणून यू.एफ. बंद, पंप 100 वर, 15 सेकंद थांबा, मग आर्टेरियल पोर्टमधून घ्या. आधीचं सॅम्पल मात्र सलाइन किंवा हेपरिन जायच्या आत, नाहीतर ते पातळ होऊन यू.आर.आर. उगाच कमी दिसतं. रोज हाताखालून जाणारी ही गोष्ट आहे, तरी 'आकडा खोटा जास्त येईल की खोटा कमी' असं विचारलं की गडबड होते. एकदा कागदावर दोन्ही चुका मुद्दाम करून आकडे काढा.

पेरिटोनियल सोडू नका. बहुतेक प्रश्न हिमोडायलिसिसचेच (मशीनवर रक्त शुद्ध करण्याचेच) असतात हे खरं, पण सोडलेला भाग म्हणजे हातचे गुण सोडणं, आणि तिथे नेमकं थोडंच वाचावं लागतं. गढूळ द्रव आणि पोटात दुखणं: आधी द्रवाचा सॅम्पल पेशींच्या मोजणीला आणि कल्चरला, मग लगेच पोटात अँटिबायोटिक, कल्चरची वाट न पाहता. संसर्गाची खूण: किमान दोन तास राहिलेल्या द्रवात पांढऱ्या पेशी 100 च्या वर आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पेशी). द्रव बाहेर येत नसेल तर क्लॅम्प आणि पीळ पाहा, कूस बदलायला सांगा आणि शौचाला कधी झालं ते विचारा; फुगलेलं आतडं कॅथेटरला दाबतं किंवा सरकवतं, हे फार नेहमीचं कारण. पी.ई.टी.मध्ये (पोटाचा पडदा किती वेगाने पदार्थ पार करतो ती चाचणी) ज्याचं क्रिएटिनिन लवकर समतोलाला पोचतं त्याची द्रवातली साखरही लवकर शोषली जाते, म्हणून पाणी कमी निघतं, म्हणून त्याला छोटे ड्वेल (द्रव पोटात ठेवण्याचा वेळ). प्रत्यारोपणाचं तर एक संध्याकाळ पुरते: रिजेक्शनचे (शरीराने नवं मूत्रपिंड नाकारण्याचे) प्रकार आणि काळ, आणि टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची रक्ततपासणी सकाळच्या गोळीच्या आधी.

आता वेळेचं. आधीच्या लेखात विषय होते, वेळ नव्हता. ड्युटीच्या दिवशी पुस्तक उघडूच नका. त्या दिवशी एकच काम: युनिटमधली एक गोष्ट कारणासकट पाहा. एक दिवस वॉटर रूममध्ये जाऊन कोणत्या टाकीनंतर कोणता पोर्ट आहे ते, एक दिवस क्लोरीनची नोंदवही, एक दिवस एका पेशंटचं यू.एफ.चं गणित हाताने. वाचन सुट्टीच्या दिवशी, दोन तास, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ हिमोडायलिसिसला. दहा आठवडे धरा. शेवटच्या दोन आठवड्यांत दोनदा 150 प्रश्न एका बैठकीत, तीन तास घड्याळ लावून. प्रश्नाला 72 सेकंद येतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामं काहीच ठेवू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एकच शब्द लिहा: 'माहीत नव्हतं', 'नीट वाचलं नाही' किंवा 'सवय'. अनुभवी नर्सेसनी तिसऱ्या गटावर जास्त वेळ घालवावा.

अर्जाचं आधीच उरकून घ्या. गेल्या दोन वर्षांत डायलिसिस पेशंटच्या सेवेचे 2000 तास आणि नेफ्रॉलॉजीच्या (मूत्रपिंडाच्या) विषयातले 15 तासांचे शिक्षणवर्ग लागतात, शिवाय अमेरिकेतलं आर.एन. (नोंदणीकृत नर्स) लायसन्स चालू असावं लागतं. पुण्यातली वर्षं दोन वर्षांच्या आतली नसतील तर त्यात धरू नका. शिक्षणवर्गांची प्रमाणपत्रं तारखेनुसार एका फोल्डरमध्ये ठेवा. सर्वसाधारण नर्सिंगच्या वर्गाचे तास नेफ्रॉलॉजीत मोजले जात नाहीत, आणि नेमके तेवढेच कमी पडतात.