गोजोला 236 मध्ये दगाफटका करून मारलं? चॅप्टर पुन्हा वाचा

‘जुजुत्सु कायसेन’ या जपानी मांगाच्या (चित्रकथेच्या) 236 व्या चॅप्टरवरची तक्रार सप्टेंबर 2023 पासून फिरतेय. 30 सप्टेंबर 2024 ला 271 व्या चॅप्टरवर मालिका संपली, तरी तक्रार काही संपली नाही. थोडक्यात ती अशी : 235 मध्ये सगळ्यात ताकदवान जादूगार गोजो शापांचा राजा सुकुनाविरुद्ध जिंकलाच होता. लेखक गेगे अकुतामीला तो डोळ्यांत खुपत होता, म्हणून पुढच्याच आठवड्यात त्याला पानाबाहेर मारून टाकलं. त्यासाठी सुकुनाला आयत्या वेळी नवी ताकद बहाल केली आणि वर मरताना गोजोच्याच तोंडून सुकुनाचं कौतुक करवलं. (अजून वाचलं नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं उघड आहे.)

आधी ‘जिंकलाच होता’ हे बघू. 235 च्या शेवटी गोजो जिंकला असं ठरवलं कुणी? दुरून लढत पाहणाऱ्या साथीदारांनी. त्याच मंडळींचे अंदाज त्याआधी डोमेनच्या (शत्रूला आपल्या तंत्रात कोंडणाऱ्या जागेच्या) टकरींमध्ये किती वेळा उलटेपालटे झाले ते आठवा. सुकुना तेव्हा जिवंत होता, उभा होता. पंचाने बोट वर करायच्या आत आपण फटाके वाजवले.

आता ‘आयत्या वेळची ताकद’. दाव्यातला हा भाग सगळ्यात जोरात सांगितला जातो, आणि कच्चाही हाच आहे.

गोजोची इन्फिनिटी म्हणजे काय? त्याच्याकडे येणारी कुठलीही गोष्ट जितकी जवळ येते तितकी मंदावते आणि पोहोचतच नाही. म्हणजे सुकुनाचा वार कितीही धारदार असला तरी ते मधलं अंतर त्याला कापता येत नाही. मग उपाय एकच : गोजोवर वार न करता तो ज्या जागेत उभा आहे ती जागाच कापायची. जागा दुभंगली की तिच्यातलं सगळंच दुभंगतं, इन्फिनिटी असो वा नसो. 236 मध्ये सुकुना नेमकं हेच सांगतो. आणि ही युक्ती त्याला आकाशातून मिळालेली नाही, तो बोलावून लढवता येणाऱ्या महोरागा या राक्षसाकडून शिकला.

महोरागा आपल्यासमोर येतो तो 117 मध्ये, टोकियोतल्या शिबुयात. गोजोचा शिष्य मेगुमी जिवावर उदार होऊन त्याला बोलावतो आणि पुढे त्याच्याशी लढतो तो सुकुनाच. डोक्यावरचं चक्र फिरतं आणि ज्याने मार बसला त्याच्याशी महोरागा जुळवून घेतो, हे सुकुना तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. 212 मध्ये तो मेगुमीचं शरीर बळकावतो, ते कशासाठी हे मग वेगळं सांगायला नको. गोजोशी लढताना तो महोरागाला इन्फिनिटीशी जुळवून घ्यायला लावतो. पहिलं उत्तर त्याच्या कामाचं नसतं, कारण ते महोरागाच्या स्वतःच्या शापशक्तीच्या (या कथेतल्या जादूच्या ऊर्जेच्या) बदलावर उभं असतं आणि त्याची नक्कल होत नाही. म्हणून तो दुसऱ्या उत्तराची वाट पाहतो. ते मिळाल्यावर महोरागाच्या वाराने गोजोचा हात तुटतो. इन्फिनिटी चालू असताना! आणि हे 236 च्या आधी, भर लढाईत, पानावर काढलेलं आहे. तिथेच थबकायला हवं होतं. पण आपण सगळे गोजोच्या पुढच्या जांभळ्या स्फोटाकडे धावलो.

‘पानाबाहेर मारलं’ हे मात्र अक्षरशः खरं आहे. वार बसतानाचं पॅनेल नाही. चॅप्टर उघडतो तो विमानतळावर, जिथे गोजोचा आधीच मेलेला जुना मित्र गेतो बसलाय, आणि आपल्याला जे कळायचं ते तिथेच कळतं. पण ही या मालिकेची जुनीच रीत आहे. 120 मध्ये गोजोचा साथीदार नानामी मरतो तेव्हा आधी मलेशियातल्या क्वांतानचा समुद्रकिनारा येतो, मृत्यू मागून येतो. तेव्हा कुणी ‘पानाबाहेर’ म्हणून ओरडलं नव्हतं. शिवाय 236 ची पानं अधिकृत तारखेच्या काही दिवस आधीच लीक झाली होती. दोन तुकडे झालेल्या गोजोचं एक चित्र आधी फोनवर आलं आणि बाकीचा चॅप्टर रविवारी रात्री साडेआठला, मांगा प्लस या अधिकृत अ‍ॅपवर. असा उलटा वाचल्यावर विमानतळाचा प्रसंग पाल्हाळच वाटणार.

त्याच प्रसंगावर ‘शत्रूची स्तुती’ हा आक्षेप आहे. गोजो म्हणतो की सुकुनाकडे मेगुमीचं तंत्र नसतं तरी आपण जिंकलो असतो की नाही सांगता येत नाही. त्याच्या चाहत्यांना हे झोंबलं. पण त्याच पानांवर तो माणसांची तुलना फुलांशी करतो : फुलं फुलवता येतात, त्यांच्यावर माया करता येते, पण त्यांनी आपल्याला समजून घ्यावं अशी अपेक्षा कोण ठेवतं? हा माणूस आयुष्यभर एकटा होता, आणि बरोबरीचा गडी भेटला तो शत्रू म्हणून. सुकुना ‘सैतान’ आहे, त्याचं कौतुक कसलं, असंही म्हणतात. पण तो शापातून जन्मलेला आत्मा नाही, हेइआन काळातला (सुमारे हजार वर्षांपूर्वीचा) माणूसच आहे. (720 सालच्या ‘निहोन शोकी’ या जपानी इतिहासग्रंथात त्याच्या नावाचा मूळ र्‍योमेन सुकुना दोन तोंडांचा, चार हातांचा बंडखोर म्हणून येतो, ज्या हिदा प्रांतातला तो, तिथे मात्र त्याला मानणारे आहेत.) आणि चॅप्टरचं खरं दुःख सुकुनात नाहीच, ते गेतोत आहे. पाठीवर थाप देणाऱ्यांत तू असतास तर समाधान वाटलं असतं, असं गोजो त्याला सांगतो. आख्ख्या भूतकाळाच्या कथेचं ओझं त्या एका वाक्यावर आहे.

द्वेषाचं काय? लेखकाला कोण आवडतं याने कथेतलं काहीच सिद्ध होत नाही. गोजोला 91 मध्ये कैद केलं आणि 221 मध्ये सोडलं, कारण तो मोकळा असला की कुणालाच धोका उरत नाही. आणि ज्याचा राग आहे त्याला कुणी डझनभर चॅप्टरांची लढाई देत नाही. ‘फुकट मेला’ हेही टिकत नाही. महोरागा त्यानेच संपवला. नंतरच्या लढाईत सुकुना थकलेला, डोमेन गमावलेला दिसतो, तेही त्याच्यामुळेच.

दोष काढायचाच असेल तर तो पुढे आहे. जागा कापणारा हा वार करायला एरवी हातांच्या मुद्रा, मंत्र आणि दिशा लागते, गोजोवर मात्र एकदाच त्यावाचून केला, त्याबदल्यात सुकुनाने स्वतःवर बंधन घालून घेतलं, हा खुलासा गोजो मेल्यावर कित्येक चॅप्टरांनी येतो. ते ठिगळ आहे, आणि दिसतंही. 236 मध्येच त्यासाठी अर्धं पान द्यायला हवं होतं.